नमस्कार परत येतो का?

१. अर्जाच्या तळाची ओळ

शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकवतात तेव्हा मजकुराइतकाच भर तळाच्या ओळीवर असतो. 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहायचे राहिले की गुण गेले. पुढे ही सवय नोकरीच्या अर्जात, पाणीपुरवठ्याच्या तक्रारीत, तहसीलदारांना केलेल्या विनंतीत उतरते, आणि कधीतरी लिहिणाऱ्याच्या मनात येते, की मी यांचा आज्ञाधारक कधीपासून झालो? रेशनकार्डावर मुलाचे नाव चढवून मागणारा माणूस काही तहसीलदाराची आज्ञा पाळायला बांधलेला नाही. काम करून देणे ही त्या कचेरीचीच जबाबदारी आहे. मग ही ओळ लिहायची की गाळायची? लिहिली तर लाचारी दिसते, गाळली तर उद्धटपणा.

कोश उघडून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आज्ञा पाळतो तो आज्ञाधारक, एवढेच तिथे सापडते, आणि त्यात वाईट काहीच नाही. खरी गोष्ट कळते ती ही ओळ आली कुठून हे पाहिल्यावर. इंग्रजी अमदानीतल्या सरकारी पत्रांचा शेवट ठरलेला असे: आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक म्हणवून घेण्याचा मान मला आहे, अशा अर्थाचे एक वाक्य आणि खाली सही. गंमत अशी, की हे वाक्य वरचा साहेब खालच्या साहेबालाही लिहीत असे. कानउघाडणी करणारे पत्रसुद्धा 'आपला आज्ञाधारक सेवक' म्हणूनच संपे. दोन्ही बाजूंनी वापर असल्यामुळे त्याचा शब्दशः अर्थ कोणी घेत नसे. ती नुसती रीत होती. मराठी अर्जात उतरताना मात्र ती एकाच वाटेने आली. विद्यार्थी मुख्याध्यापकांचा आज्ञाधारक, कारकून साहेबाचा आज्ञाधारक, रयत सरकारची आज्ञाधारक. मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्याला 'तुझा आज्ञाधारक' असे लिहिल्याचे कोणी पाहिलेले नाही. शब्द तोच राहिला, पण त्याची परतीची वाट बंद झाली आणि रीत होती तिथे पायरी तयार झाली.

या प्रकरणाचे म्हणणे हेच आहे. अधीनता दाखवणारा कोणताही शब्द किंवा हावभाव घ्या. त्यात लाचारी आहे की आदर, हे त्याच्या अर्थावरून ठरत नाही. तो परत येतो की नाही, यावरून ठरते. लग्नातल्या आहेरासारखेच हे आहे. आज तुम्ही दिलेले पातळ उद्या तुमच्या घरच्या कार्यात दुसऱ्या रूपाने परत येणार असते, म्हणून तो आहेर. ज्याला फक्त द्यायचेच आहे, त्याच्या देण्याला आपण आहेर म्हणत नाही, खंडणी म्हणतो. ही कसोटी घासून पाहायला सोलापूर जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी मिळणे कठीण. नमस्कारांच्या तीन मोठ्या कथा या एका जिल्ह्याला चिकटलेल्या आहेत, आणि त्या तिन्हींचे धागे मंगळवेढ्याला येऊन मिळतात.

२. शब्द आधी काय होते

त्याआधी आपल्याकडच्या शब्दांवरून एक धावती नजर टाकू. 'लाचार' हा फारसीतून आलेला शब्द. चारा म्हणजे उपाय. ज्याच्यापाशी उपाय उरला नाही तो लाचार. म्हणजे मुळात हे एका परिस्थितीचे वर्णन होते. मराठीत त्याची शिवी झाली. उपाय नसणे हा त्या माणसाच्या स्वभावाचाच दोष ठरला, आणि उपाय कोणी काढून घेतला हा प्रश्न बाजूला पडला. 'हुजऱ्या' हे एका नोकराचे साधे पदनाम होते. आज 'हुजरेगिरी' म्हटले की तोंड वाकडे होते. 'ताबेदार' म्हणजे मागून चालणारा. 'दाती तृण धरणे' म्हणजे मी गाय आहे, मारू नका, असे शत्रूला सांगणे. युद्धात हरलेल्याची ही खूण पुढे भाषेत शिल्लक राहिली. यातले बहुतेक शब्द कामाचे किंवा प्रसंगाचे होते. त्यांना बट्टा नंतर लागला, आणि तो लावणारे सहसा ते काम करणारे नव्हते.

'मुजरा' या शब्दापाशी मात्र थोडे थांबायला हवे. दरबारातला लवून केलेला मुजरा सगळ्यांना ठाऊक आहे. पण जुन्या हिशेबात 'मुजरा देणे' म्हणजे रक्कम वळती करून देणे, खात्यातून वजा करणे. सरकारात आगाऊ भरलेला पैसा पुढच्या हप्त्यात मुजरा मिळे. पत्रांतही 'मुजरा रुजू व्हावा' असे लिहीत, म्हणजे माझा नमस्कार नोंदवून घ्यावा. नमस्काराची कुठेतरी नोंद होते आणि तो कधीतरी वळता होतो, ही अपेक्षा शब्दातच बसलेली आहे. मुजरा करणारा सरदार धन्याकडून विडा, वस्त्रे, जहागीर, निदान संरक्षण मागत असे, आणि ते मिळाले नाही तर मुजरा दुसऱ्या दरबारात नेण्याची त्याला सोय होती. सोय नसलेल्या माणसाचा नमस्कार वेगळा असतो. त्याचे नाव जोहार.

३. जोहार

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात जोहार हा महारांनी वरच्यांना करायचा नमस्कार होता. ब्राह्मणाला नमस्कार किंवा दंडवत, त्याच्याकडून उलट आशीर्वाद. मराठ्या-कुणब्यांत आपसांत रामराम. अशी कोणी कोणाला काय म्हणायचे याची उतरंड ठरलेली होती. जोहार तिच्या तळाशी. तो लांबून करायचा, वाकून करायचा, आणि त्याला उत्तर म्हणून कोणी जोहार घालत नसे. ऐकणाऱ्याने मान हलवली तरी पुष्कळ.

हा शब्द घालणाऱ्याचा दिवस कसा जाई, ते पाहिले की जोहाराचा अर्थ कळतो. येसकराची पाळी ज्याच्याकडे, तो घुंगरांची काठी आणि खांद्यावर कांबळे घेऊन वेशीवर. गावात कोण आले, कोण गेले, यावर त्याची नजर. पाटलाने सांगितले की शेतकऱ्यांना चावडीवर बोलावून आणायचे, साऱ्याची रक्कम तालुक्याच्या गावी पोचवताना सोबत जायचे, साहेब आला तर त्याच्या घोड्यापुढे धावायचे, कोणी वारले तर परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा, मेलेले जनावर ओढायचे. शिवेवरून दोन गावांत तंटा झाला तर हद्द कुठून जाते हे सांगायलाही तोच, कारण गावाचा भूगोल सर्वांत जास्त त्याच्या पायांना ठाऊक. कामाला ठरीव वेळ नाही. मोबदला म्हणून बलुते, घरोघरची भाकरी, आणि वतनाचा जमिनीचा लहानसा तुकडा. गाव ज्याच्या माहितीवर चाले, त्यानेच गावात कोणाही वरच्यापुढे वाकायचे, असा हा बंदोबस्त होता.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जोहार या शब्दात स्वतःत हीन असे काही नाही. झारखंडातल्या आदिवासींचा जोहार हा मानाचा, एकमेकांना घालायचा नमस्कार आहे. भिल्लांत 'जय जोहार' चालते, गडचिरोलीकडच्या गोंडांतही जोहार आहे. तिथे जोहार घातला की जोहारच परत येतो. (राजपूत स्त्रियांच्या अग्निप्रवेशाचा जौहर हा निराळा शब्द आहे, पुष्कळजण गल्लत करतात.) म्हणजे एकच शब्द एका मुलखात बरोबरीचा आणि दुसऱ्यात गुलामीचा. अर्थ शब्दात असता तर असे घडले नसते.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. चौदाव्या शतकात तिथल्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. परंपरा त्यासाठी १३३८ हे साल सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी झाली, देवळाच्या बाहेर. हयातीत ज्या दारातून आत जाता आले नाही, त्याच दारापुढे. चोखोबांच्या अभंगांत काही जोहाराचे आहेत. त्यांत महाराची भाषा, कामे, हिशेब सगळे तसेच आहे, फक्त जोहार विठोबाला घातलेला आहे. पुढे सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी 'जोहार' नावाचा भारुडांचा एक प्रकारच रचला. त्यात महार बोलतो आणि गाव ऐकतो. जन्माने ब्राह्मण असलेल्या कवीने स्वतःच्या तोंडी जोहार घेतला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. देवाला घातला म्हणून जोहार सुटतो कसा? वाकण्याची सवय तर पक्कीच होते ना? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गांधीजींना उत्तर देताना नेमके हेच बजावले, की संतांनी देवापुढे सगळे सारखे असे सांगितले, माणसामाणसांतल्या जातींवर हल्ला केला नाही. तरीही १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केले. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. चोखोबांचा जोहार गावाची रीत मोडू शकला नाही, हे खरेच आहे. पण त्यांनी त्या शब्दाचा मालक बदलला. जो पाटलाला घालायचा तो विठोबाला घातला, आणि त्या बदल्यात विठोबाकडे जाब मागितला. पाटलाकडे जाब मागता येत नव्हता.

४. दामाजीची पावती

मंगळवेढ्याचीच दुसरी कथा पंधराव्या शतकातली. बिदरच्या बहामनी सुलतानाचे अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांना खुले केले. बातमी बिदरला पोचली, दामाजींना पकडून आणायचा हुकूम सुटला. तेवढ्यात बिदरच्या दरबारात एक महार हजर झाला. जोहार घातला, धान्याची किंमत मोजून दिली आणि सहीशिक्क्याची पावती मागून घेतली. नाव विचारले तर विठू महार. दामाजी पोचले तेव्हा खाते बेबाक झालेले होते.

ही दंतकथा आहे. इतिहास म्हणून ती पुढे करायचे कारण नाही. पण लोकांनी ती शतकानुशतके कीर्तनांतून का ऐकली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. देवाला राजा, संन्यासी, सावकार यांपैकी कोणतेही रूप घेता आले असते. पैसा भरायचा होता, तेव्हा सावकार जास्त शोभला असता. तरी कथेने महारच निवडला, कारण सरकारी भरणा एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे हे खरोखरच त्याचे काम होते. कथा रचणाऱ्याला गावगाडा नीट ठाऊक होता. दुसरे असे, की या कथेतला जोहार रिकाम्या हाताने परत जात नाही. त्याला लेखी उत्तर मिळते. पावती म्हणजे सुलतानाने मान्य केलेले देणे-घेणे. ज्याच्या नमस्काराला गावचा पाटील उत्तर देत नव्हता, त्याला बादशहा शिक्का मारून देतो. गावात जे होत नव्हते, ते कथेने बिदरला घडवून आणले. खुद्द मंगळवेढ्याच्या महारवाड्यात या कथेने काही बदलले का? काही नाही. कथा देवाच्या मोठेपणाची म्हणून सांगितली गेली, जोहाराच्या अन्यायाची म्हणून नव्हे. कीर्तन संपले की श्रोते आपापल्या जागी जात, आणि त्या जागा ठरलेल्या होत्या.

५. शरणु आणि शरणार्थी

तिसरी कथा सर्वांत जुनी आहे. बाराव्या शतकात मंगळवेढे ही कलचुरींची राजधानी होती. त्यांचा राजा बिज्जल याच्या कारभारात बसवेश्वर आधी इथे होते आणि मग कर्नाटकातल्या कल्याणला गेले, असे परंपरा सांगते. सोन्नलगीचे, म्हणजे आजच्या सोलापूरचे, सिद्धरामेश्वर हे त्यांचे समकालीन. तेही कल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे शिवभक्त शरणांच्या चर्चासभेत, गेले. सोलापूरच्या तळ्यातले सिद्धेश्वराचे देऊळ आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा त्यांच्याच नावाची. या शरणांनी आपला एक नमस्कार घडवला. एकाने म्हणायचे 'शरणु', दुसऱ्याने उत्तर द्यायचे 'शरणार्थी'. पहिला म्हणतो मी शरण आलो. दुसरा म्हणतो शरण येणारा मीच. शरणागतीहून अधिक अधीन शब्द भाषेत नाही, आणि इथे तो दोन्ही बाजूंनी बोलला जातो. दोघेही वाकतात, त्यामुळे वर कोणीच उरत नाही.

हा नमस्कार किती गंभीरपणे घेतला जाई, ते हरळय्याच्या कथेवरून दिसते. चामड्याचे काम करणारा हरळय्या रस्त्यात बसवेश्वरांना भेटला आणि 'शरणु' म्हणाला. बसवेश्वरांनी उत्तर दिले, 'शरणु शरणार्थी'. हरळय्या घरी आला तो अस्वस्थ होऊन. आपण एकदा वाकलो, त्यांनी दोनदा मान दिला. हे जास्तीचे कर्ज फेडायचे कसे? कथा सांगते, की त्याने आणि त्याच्या बायकोने, कल्याणम्मेने, आपल्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पायताणे शिवली. बसवेश्वरांनी ती पायात न घालता डोक्यावर घेतली. पुढे ब्राह्मणकुळातून आलेल्या शरण मधुवरसाची मुलगी हरळय्याच्या मुलाला दिली गेली. जातीबाहेरचे हे लग्न बिज्जलाला सोसले नाही. हरळय्या आणि मधुवरस या दोघांनाही क्रूर मृत्युदंड झाला, आणि कल्याणचे ते सगळे जग ११६७ च्या सुमारास उधळले गेले.

मांडीच्या कातड्याचा भाग वाचताना अंगावर काटा येतो, आणि आलाच पाहिजे. पुष्कळ सांगणारे तो भक्तीची कमाल म्हणून रंगवतात. त्या वेदनेत मला भक्तीपेक्षा सवय जास्त दिसते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या नमस्काराला कोणी उत्तर दिले नाही, त्याला एकदा उत्तर मिळाले तर ते त्याला पेलत नाही; तो ते देणे समजतो आणि फेडायला कातडे काढतो. बरोबरीने वागवले जाणे हे उपकार नव्हेत, हे त्याला कळायला अवसरच मिळालेला नाही. आणि राजाला कळले ते याच्या उलट होते. नमस्कार परत येऊ लागला की पुढे काय काय परत मागितले जाईल, हे त्याने बरोबर ओळखले. नुसत्या शब्दापायी कोणी मृत्युदंड देत नाही. तो शब्द लग्नापर्यंत गेला म्हणून दिला.

६. मग वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे नाही का?

कसोटी अशी असेल, तर नातवाने आजीच्या पाया पडणेही लाचारी ठरेल, कारण आजी नातवाच्या पाया पडत नाही. हा आक्षेप सहज सुचतो, पण परत येणे म्हणजे तेच्या तेच परत येणे नव्हे. आजीचा हात डोक्यावर येतो, 'शतायुषी हो' म्हटले जाते, बहुधा हातावर काहीतरी गोडही पडते. शिवाय आज वाकणारा नातू उद्या स्वतः आजोबा होणार असतो. त्याची पाळी येणार आहे. जोहार घालणाऱ्याची पाळी येत नव्हती. त्याचा नातूही जोहारच घालणार होता. सैन्यातही तसेच. शिपायाने सलाम ठोकला की अधिकाऱ्याला तो परत करावा लागतो. न केला तर चूक अधिकाऱ्याची. हुकूम मात्र एकाच दिशेने जातो. म्हणजे शिस्त आणि लाचारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. आज्ञा पाळूनही माणूस ताठ राहू शकतो, जर त्याच्या नमस्काराला उत्तर देणे वरच्यावर बंधनकारक असेल. पंढरीच्या वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय आणि हुद्दा पाहत नाहीत. थोरला धाकट्याच्या पाया पडतो आणि कोणाला ते विचित्र वाटत नाही. (त्याच पंढरपुरात मंदिर मात्र सर्वांना खुले व्हायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले, हेही सांगायला हवे. वाळवंटातली बरोबरी पायरीपर्यंत पोचायला फार शतके लागली.)

हे केवळ आपल्याकडचे त्रांगडे नाही. चीनच्या बादशहापुढे तीनदा गुडघे टेकून नऊदा कपाळ जमिनीला लावायचा रिवाज होता. चिनी घरांत मुले वाडवडिलांपुढे असेच डोके टेकत, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. १७९३ साली इंग्रज वकील लॉर्ड मॅकार्टनी बादशहाच्या भेटीला गेला तेव्हा यावरून पेच पडला. त्याने तोड सुचवली: माझ्याच दर्जाच्या चिनी अधिकाऱ्याने आमच्या राजाच्या तसबिरीपुढे हाच विधी करावा, म्हणजे मीही करतो. ती मान्य झाली नाही. अखेर तो एक गुडघा टेकून सुटला. १८१६ च्या दुसऱ्या वकिलाला तर याच पेचातून बादशहाचे दर्शन न घेता परतावे लागले. पुढे या विधीचा चिनी शब्द इंग्रजीत गेला तो खुशामतीने वाकणे या अर्थाने. मॅकार्टनीची अट लक्षात घेण्याजोगी आहे. डोके टेकण्याला त्याची हरकत नव्हती, एकतर्फी टेकण्याला होती. हिंदुस्थानात तेच इंग्रज लोकांकडून काय करून घेत होते, हे मात्र त्याच्या देशबांधवांना त्या वेळी आठवले नाही.

७. न म्हटले तर काय होते?

तरीही एक अडचण उरते. वरवर दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा नमस्कारही आतून असमान असू शकतो. निवडणुकीत उमेदवार हात जोडतो, मतदारही जोडतो. सोलापूर-पंढरपूरकडे 'काय मालक' ही हाक रिक्षावाल्यालाही बसते आणि साखर कारखान्याच्या अध्यक्षालाही. शब्द दोन्हीकडे एकच, पण रिक्षावाल्याला मालक म्हणायचे विसरलात तर काही बिघडत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी विसरलात तर कदाचित उसाची तोड लांबते. म्हणून पहिल्या कसोटीला एक पुरवणी जोडावी लागते: हा नमस्कार केला नाही, किंवा दुसराच केला, तर काय होते?

ही भीती काल्पनिक नाही. १७७९ साली मुंबईच्या कंपनी सरकारने तिथल्या सोनारांना 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरायला मनाई केली. पुण्याच्या पेशवे दरबाराचा तसा आग्रह होता, कारण तो ब्राह्मणांचा नमस्कार मानला जाई. दोन सोनार एकमेकांना काय म्हणतात, याचा बंदोबस्त दोन सरकारांनी मिळून केला. दीडशे वर्षांनंतर सोलापुरात याचेच अधिक उघडे रूप दिसते. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी वसाहत या शहरात होती. 'सेटलमेंट' हे तिचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. तिथे अधीनतेला शब्दाचीही गरज नव्हती. हजेरी पुरे. ठरलेल्या वेळी हजर नसणे हाच गुन्हा. गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. १९३० च्या मे महिन्यात तर सगळ्या सोलापुरावरच मार्शल लॉ आला, आणि डोक्यावरची गांधी टोपी हीच बंडखोरी ठरली. सोजिरांनी त्या उतरवायला लावल्या. त्याच महिन्यातल्या घटनांवरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. टोपीसुद्धा बंडखोरी ठरते, हे ज्या शहराने पाहिले, त्याला अभिवादनाचे राजकारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जोहार सोडणाऱ्यांना दंड झाला तो पोलिसांकडून नव्हे, गावाकडून. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्टे समितीने १९३० च्या अहवालात गावोगावच्या बहिष्काराची नोंद केली आहे, डॉ. आंबेडकर या समितीचे सदस्य होते. तिचे अध्यक्ष स्टार्टे हे याच इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी, हा योगायोग पाहण्यासारखा आहे. वाट बंद करणे, वाण्याने मीठमिरची न देणे, मजुरी तोडणे हे उपाय. आणि त्याला कारण केवढे? कोणी चांगले कपडे घातले, जमिनीचा तुकडा घेतला, नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने नेले. जिथे कपड्यांवरून एवढे होई, तिथे जोहाराऐवजी 'रामराम' म्हणणे म्हणजे काय धाडस होते, याचा अंदाज करता येतो. तरी १९२० नंतरच्या काळात लोक रामराम म्हणू लागले, आणि तीसच्या दशकात 'जय भीम' आले. त्याचे श्रेय बहुधा कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. सुरुवातीला 'जय भीम'ला 'बल भीम' असे उत्तर द्यायचे त्यांनी ठरवले होते, सलामाला जसे उलट उत्तर असते तसे, असे सांगतात. पुढे उत्तरही 'जय भीम' झाले. नवा नमस्कार घडवताना पहिला विचार केला गेला तो उत्तराचा.

शब्द बदलणे मात्र पोट सुटल्याशिवाय टिकत नाही. जोपर्यंत भाकरी पाटलाच्या घरून येते तोपर्यंत जोहारही तिथेच जाणार. हे ओळखूनच आंबेडकरांनी दोन कामे बरोबर चालवली. १९२५ साली त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. गावाबाहेर राहून, गावाच्या भाकरीवाचून मुलगा शिकला तर तो परतताना जोहार विसरून येईल, हा हिशेब. आणि १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले: महारांच्या कामाला रोख वेतन ठरवा, ज्याला वतन सोडायचे त्याला सोडू द्या. त्याला विरोध झाला आणि ते पार पडले नाही. गावगाड्याला फुकटचा येसकर सोडवत नव्हता. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. त्या कायद्यात नमस्काराविषयी अक्षर नाही. वतन संपले, त्याबरोबर सेवेचे बंधन संपले, आणि ठरीव रक्कम भरून जमीन वतनदाराच्या नावावर परत करण्याची तरतूद, एवढेच त्यात आहे.